दारामागचा हिरवा

‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावली की माणूस हमखास बोट लावतो. लातूरला इतकी वर्षं रंगाचं दुकान चालवून मला एवढं एक ज्ञान नक्की मिळालं आहे. शिकलेला असो, अडाणी असो, नवरदेव असो की मयतीला आलेला पाहुणा, तो बोट लावणार, बोटाकडे बघणार आणि आपल्याच पँटीला पुसणार. पण लावतो ते बोटच. आख्खा पंजा ओल्या भिंतीवर कोणी टेकवत नाही. तसा टेकवलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तेव्हापासून माझा बराच तोरा उतरला आहे.

तोरा म्हणजे असा, की भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागला की मी सरळ उठून जातो. मला माणसांचे चेहरेसुद्धा नीट लक्षात राहत नाहीत. शेड लक्षात राहते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की मी नाव विसरलेला असतो, पण त्याच्या देवघराचा रंग सांगतो. बायको म्हणते, मी मेले तर माझा फोटो ओळखणार नाही हा माणूस, साडी ओळखेल. खोटं नाही ते.

माझा जन्म रेल्वेच्या गेटवरचा. नांदेडहून किनवटकडे जाणाऱ्या लायनीवर, जंगल सुरू होतं तिथं एक बारकं स्टेशन आहे. प्लॅटफॉर्म संपला की लगेच गेट, गेटला गुमटी, म्हणजे गेटमननं बसायची टपरी, आणि गुमटीला चिकटून आमची एक खोली. अप्पा गेटमन होते. खोलीचं दार बाहेर उघडायचं आणि पुरतं उघडलं की भिंतीला जाऊन टेकायचं. दारापासून रूळ इतके जवळ, की गाडी गेली की माझ्या ताटातल्या वरणावर लहरी उठायच्या.

साहेबांची तपासणी जवळ आली की त्या लायनीवर जे जे हलत नाही त्याला रंग लागायचा. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, खांबांना काळे-पांढरे पट्टे. रंगवाल्यांची टोळी यायची आणि पाण्यातून म्हशी गेल्यासारखी सगळं शिंपडत पुढं जायची. जुनं खरवडायची पद्धतच नव्हती, जुन्यावर नवा द्यायचा. शिवाय साहेब ट्रॉलीवरून जाणार, तेव्हा ट्रॉलीवरून दिसेल तेवढंच रंगवायचं. उघड्या दाराच्या मागं कोण कशाला हात घालतो? माझ्या आठवणीत आमची खोली आधी विटकरी होती, मग साईच्या रंगाची झाली आणि शेवटी आत्तासारखी पिवळी. त्याआधी कसली होती, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, माय मला उंबऱ्यात गोधडीवर निजवायची. अप्पा गेटवर, माय भांड्याशी, रूळ तापून टकटक वाजायचे. अर्धवट झोपेत मी कुशीवर वळलो की दाराच्या खालच्या फटीतून मला दोन पावलं दिसायची. बारकी, धुळीनं भरलेली. दारामागं कोणीतरी भिंतीला पाठ लावून गुपचूप उभं असल्यासारखं. भीती वाटायची नाही, उलट बरं वाटायचं. गेटवरच्या पोरांना खेळायला कोणी नसतं, ती असलं काहीबाही बघतात, अशी मी मोठेपणी स्वतःची समजूत घातली होती.

अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माय माझ्याकडे लातूरला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं चालणं दारापासून न्हाणीपर्यंतच. दिवसभर खुर्चीत, तोंड दाराकडे. तिची दोन खुळं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. एक म्हणजे पुढचं दार दिवसभर सताड उघडं पाहिजे. धूळ येवो, कुत्रं येवो, वर्गणीवाले येवोत, दार लावलं की ती जेवायची थांबते. दुसरं, संध्याकाळी दार लावायच्या आधी ती वॉकर टेकत उठणार, दारामागं डोकावणार आणि मगच ‘लाव’ म्हणणार. बायको म्हणायची, झुरळं बघतात. मीही तेच धरून चाललो होतो.

तिसरंही एक होतं. घराला बाहेरून रंग द्यायचा म्हटलं की माय माझ्याकडून शेडकार्डं मागून घ्यायची आणि सगळे हिरवे बघायची. पोपटी, मेंदी, शेवाळी, समुद्री. डोळ्यांजवळ धरायची, उजेडाला धरायची. ‘ह्यो न्हाई. ह्योबी न्हाई.’ मग कार्ड बाजूला ठेवायची आणि दोन दिवस बोलायची नाही. रंगाच्या दुकानदाराच्या आईला एक हिरवा सापडू नये, ह्याचा मला खरं तर रागच यायचा. शेवटी आम्ही प्रत्येक वेळी बदामी मारून मोकळे व्हायचो.

गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, नांदेडचा एक ठेकेदार दुकानात आला. लातूरकडेही त्याचं काहीतरी काम चालू होतं. त्यानं कागदाच्या दोन पुड्या काउंटरवर ठेवल्या.

“शेठ, एक हिरवा जुळवून द्या. आमच्या साहेबाच्या डोक्यात आलंय, जुन्या लायनीची आठवण म्हणून एक गुमटी, खोलीसकट, मूळ रंगात ठेवायची. गेट बंद झालंय, खालून अंडरपास काढला. पाडायचीच होती, आता सजवून राहिलेत.”

“कुठली गुमटी?”

त्यानं स्टेशनाचं नाव सांगितलं. आमचंच. माझ्या मनात एवढंच आलं, की हा माणूस माझ्या घराचा तुकडा पुडीत बांधून घेऊन फिरतोय.

पहिल्या पुडीतला पोपडा जाड होता. मी त्याची कड बारीक पॉलिशपेपरवर तिरकी घासली. असं घासलं की थर एकाशेजारी एक उघडे होतात, कांदा तिरका कापल्यासारखे. वर पिवळा, त्याखाली साईचा, मग विटकरी, मग मळकट राखाडी आणि सगळ्यात खाली हिरव्याची एक बारीक रेघ. दुसऱ्या पुडीतला पोपडा मात्र नुसताच हिरवा होता. वर एकही थर नाही.

“हा कुठून काढला?”

“दारामागून. तेवढ्या जागेला कधी कुणी ब्रशच लावला न्हाई बगा. दाराच्या मापाचा हिरवा चौकोन हाय तितं.” मग जरा हसून म्हणाला, “माझी पोरं दुपारच्याला तिकडं काम करायला मागत न्हाईत. म्हणतेत, तितं कुणीतरी उभं असल्यागत वाटतंय.”

पावलांची गोष्ट मी जिवंत माणसाला सांगितलेली नव्हती.

तो गेल्यावर मी मशीन लावलं. तीन-चार डबे बिघडवले. मशीनचा हिरवा सपाट यायचा, ह्या पोपड्यातला आतून येत होता. मग लक्षात आलं, हा डब्यातला रंगच नाही. चुन्यात मोरचुदाचे निळे खडे टाकून, वर कसली तरी पिवळी माती घालून हातानं कालवलेला आहे. शेडकार्डात तो सापडणार कसा? मोरचूद आणून, चुना भिजवून मी हातानंच कालवत बसलो. दिवस मावळताना जमला. वाळलेल्या नमुन्याशेजारी पोपडा धरला तर पोपडा दिसेनासा झाला. खूश होऊन, तसाच रंगल्या बोटांनी घरी गेलो.

माय खुर्चीत होती. मी चप्पल काढायला वाकलो आणि तिनं माझं मनगट धरलं. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. माझी बोटं तिनं डोळ्यांजवळ नेली.

“ह्यो कुटं लागला तुला?”

“दुकानात. जुन्या रंगाचं काम आलंय.”

“ती आली का?”

“कोण?”

“तुझी अक्का.”

मला अक्का नाही. म्हणजे त्या क्षणापर्यंत नव्हती. बायको हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मायनं आम्हा दोघांना, आवाज जराही न चढवता, सगळं सांगितलं.

मी पोटात होतो तेव्हा तिला पाचवं लागलेली एक मुलगी होती. “लई वांड. डाव्या हातानं जेवायची. मी हातावर मारायची, तरी डावाच पुडं.” तेव्हा ती खोली हिरवी होती. “गेटावर घराला नंबर न्हाई, गल्ली न्हाई. पोरीला आकडा वाचता येत न्हाई. म्हनून मी तिला घोकून घेतलतं, हरवलीस तर लोकांला सांगायचं, माजं घर हिरवं हाय, रुळाच्या कडंला. तिला दुसरा पत्ताच न्हवता बग.”

मुलीचा आवडता खेळ एकच. दारामागं लपायचं आणि मायनं शोधायचं. मायला पावलं दिसायची, पण ती मुद्दाम चुलीत, हंड्यात, गोधडीखाली शोधायची.

माहूरच्या जत्रेचे दिवस होते. गाडी माणसांनी फुगलेली. सिग्नल मिळेना म्हणून ती गेटसमोर बराच वेळ उभी राहिली. माय पाण्याला गेली होती, अप्पा गेटवर दोन्हीकडच्या बैलगाड्यांशी हुज्जत घालत होते. माय परत आली तेव्हा गाडी सुटली होती.

“मी आधी दारामागं बघितलं,” माय म्हणाली. “मला वाटलं, लपलीय.”

आदिलाबादपर्यंत शोधलं, इकडं मुदखेड-नांदेडपर्यंत शोधलं. कोणी म्हणालं, खिडकीत एक पोरगी दिसली. कोणी म्हणालं, कोण्या बाईच्या कडेवर होती. जंगलही धुंडाळून झालं. आणि ह्या सगळ्यात तपासणी लागली. रंगवाले राखाडी रंगाचे डबे घेऊन आले.

“मी लई हात जोडले. म्हनले, आजच्याला नका मारू, पोरगी यायची हाय, ती घर कसं वळखंल? तुझे अप्पा म्हनले, सरकारी भित हाय, आपली न्हाई. मग मी दार पुरतं उघडलं आन दाराला पाठ लावून बसले. उठलेच न्हाई. दारामागचं तेवडं राहिलं.”

त्यानंतर दर तपासणीला ती तशीच बसली. रंगवाल्यांना वाटायचं, गेटमनची बायको कामचुकार आहे.

“मला कामून सांगितलं नाही कधी?” मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

“पाव्हने तिचे दिवस घाला म्हनत होते. मी म्हनले, मेली म्हनून कुनी सांगितलं तुमाला? इथून पुडं कुनी नावच काढायचं न्हाई. तवापासून कुनी काढलं न्हाई.” तिनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. “आता ते घर हिरवं करून राहिलेत ना? मग नीट कर बाबा. तिला वळखू येईल असंच कर. मी जायच्या आत कर.”

त्या रात्री मी जेवलो नाही. मला एकसारखी ती पावलं दिसत होती, आणि पहिल्यांदाच त्यांची भीती वाटत होती. मी ती पाहिली तोवर तिला जाऊन तीन-चार वर्षं झालेली होती.

ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, चुन्याची कटकट नको, त्याला मिळताजुळता प्लास्टिकचा एक हिरवा सापडलाय. मिळताजुळता! मी त्याला फोनवरच झापला. चुना मी आणतो, मोरचूद मी आणतो, कालवून मी देतो, तुझी पोरं फक्त ब्रश धरतील. फुकट मिळतंय म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. बायकोनं एकदाही ‘कशाला’ असं विचारलं नाही.

तिथं पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गेटचे दांडे काढून नेले होते, रस्ता भिंत घालून बंद केला होता. खोली इतकी बारकी, की आपण तिघं इथं मावत होतो ह्यावर विश्वास बसेना. दार बिजागऱ्यांत गंजून भिंतीला टेकलेलं. रंगवाली पोरं बाकीच्या तिन्ही भिंती घासून बसली होती, ही बाजू तेवढी शिल्लक. त्यांना हसू की रागवू असं मला झालं. मीच दार ओढलं. ते कण्हत, इंचाइंचानं भिंतीपासून सुटलं.

मागं तो हिरवा होता. दाराच्या मापाचा, ऊनपाऊस न लागलेला, काल मारल्यासारखा. आणि खालच्या बाजूला, माझ्या मांडीच्या उंचीला, भिंत गुळगुळीत झिजलेली होती. ढोरांच्या गोठ्यात खांब झिजतो तशी. पाठ घासून घासून. चार-पाच वर्षांची मुलगी किती वेळा लपली म्हणजे चुन्याची भिंत अशी होते, ह्याचा मी विचार करायला लागलो आणि मग सोडून दिला. पोरांकडे पाठ करून उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते.

तेवढी जागा तशीच ठेवायला सांगून मी दार परत टेकवलं आणि बाकीचं मारायला घेतलं. दाराशेजारची पट्टी मी स्वतः मारली. ओला चुना रंग दाखवत नाही. भिंत नुसती मळकट, ओलसर दिसत होती. “शेठ, ह्यो तर शेण सारवल्यावानी दिसून राहिला,” एक पोरगं म्हणालं. मी म्हटलं, वाळू दे, वाळला की रंग वर येतो. पोरं डबे घेऊन सागाच्या सावलीत आडवी झाली. मी स्टेशनच्या त्या टोकाला चहाला गेलो.

चहा हातात आला आणि पॅसेंजर आली. इंजिन माझ्या पुढ्यात येऊन थांबलं. सिग्नल मिळेना. गाडी लांब, शेवटचे डबे प्लॅटफॉर्मच्या बाहेर राहिले. गेटसमोर. मी तिकडं बघत होतो, पण वळणामुळे शेपूट दिसत नव्हतं. चहा गार झाला. चहावाला म्हणाला, रोजचंच हाय. मग भोंगा झाला आणि गाडी किनवटकडे निघून गेली.

परत आलो तेव्हा भिंत वाळायला लागली होती. हिरवा वर येत होता, कडेनं आत, कडेनं आत, तोच हिरवा. मी जवळ गेलो आणि थांबलो. दाराच्या शेजारी, मी मारलेल्या पट्टीत, छातीच्या उंचीला एक पंजा होता. पाची बोटं पसरलेली, तळवा पुरता टेकवलेला, दाबून धरलेला. अंगठा उजवीकडे. डावा हात.

भर उन्हात मला थंडी वाजली.

पोरांना उठवलं. कोणी हात लावला? कोणीच नाही. एक जण डोळे चोळत म्हणाला, “गाडी हुभी होती तवा कोन तरी बाई उतरलती मागच्या डब्यातून. म्हातारीच. हितं येऊन हुभी राहिली. मला वाटलं, लघवीला आली आसंल, मी तोंड फिरवलं. पुन्हा चढली वाटतं.”

“साडी कुठली होती?” मी विचारलं. इतर कोणी दुसरं काही विचारलं असतं.

“ध्यान दिलं न्हाई, शेठ.”

मी माझा डावा पंजा त्या खुणेवर, न टेकवता, धरून बघितला. माझ्याहून लहान होता. उजव्या हातात पिशवी असली की कोणीही डावाच हात टेकवेल, हे मलाही कळतं. उन्हात उतरलेली म्हातारी बाई आधाराला भिंत धरेल, तेही कळतं. मग तिच्या शेजारीच दार होतं, ते तिनं ओढलं का, मागं बघितलं का, हे कोणाला विचारायचं? गाडीमागं जाऊन काही उपयोग नव्हता. त्या लायनीवर पुढं स्टेशनं आहेत, जंगल आहे, आणि मग तेलंगण आहे.

“दुसरा हात देऊ का तेवढ्यावरून?” पोरानं ब्रश उचलला.

मी त्याच्यावर असा ओरडलो, की तो चार पावलं मागं सरकला.

लातूरला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. दार उघडं होतं. माय खुर्चीत होती. वाटेत मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. खात्री नसलेली गोष्ट म्हाताऱ्या माणसाला का सांगा? पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझं सगळं ठरवलेलं गळून पडलं.

“झालं हिरवं?”

“झालं.”

“तसंच?”

“तसंच. आणि माय, ओल्या भिंतीला कोणीतरी हात टेकवला. गाडीतून उतरलेली एक बाई होती म्हणे. कोणी नीट बघितलं नाही. परत गाडीत बसली.”

आत कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, “कुठला हात?”

“डावा.”

मायनं मान हलवली, बाजारातून सांगितलेली वस्तू बरोबर आणल्यावर हलवते तशी. पदरानं तोंड पुसलं. बाहेर अजून चांगला उजेड होता, गल्लीत पोरं खेळत होती.

“लाव आता दार,” ती म्हणाली. “डास येऊन राहिलेत.”

ती उठली नाही. वॉकरला हातही लावला नाही. मी दाराशी गेलो. कडीला हात घातला, आणि लावायच्या आधी मागं डोकावून बघितलं.